दोन्ही तारा लाल

माझी थोरली वहिनी अंजना हिनं आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडायची. मेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. मी बोलणार नाही, तिलाही ते खपलं नसतं. शेजारच्या लखीरामाच्या शेळीनं एकदा आमचा मेथीचा वाफा फस्त केला. वहिनीनं भांडण केलं नाही. शेळी आणून आमच्या गोठ्यात बांधली, मेथी पुन्हा उगवून येईपर्यंत तिचं दूध काढलं, आम्हा सगळ्यांना पाजलं आणि मग शेळी परत नेऊन दिली. लखीराम ओरडायला लागला तर म्हणाली, आमची मेथी होती, आमीच प्यालो.

आमचा माळ्याचा मळा वाशीमच्या वेशीबाहेर, नाल्याच्या काठाला. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, थोडा कांदा. वडील लवकर गेले. आई प्रयागबाई, मोठा भाऊ पुंजाजी आणि मी जानराव. मोट मी हाकायचो, कारण पुंजाजीचं चित्त मळ्यात कधी लागलंच नाही. तो कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला लागला आणि तिथल्या इंजिनाच्या प्रेमात पडला. पुढे जिनवाल्या शेठनं त्या इंजिनावर डायनामो बसवला, उरलेली वीज गावातल्या चार श्रीमंत घरांना द्यायला सुरुवात केली, आणि पुंजाजी वायरमन झाला. लढाईचे दिवस होते, रॉकेल रेशनवर मिळायचं, त्यामुळे ज्याच्या घरी बिजली त्याची मान ताठ.

दौलतराव पाटलाची मान तशीही ताठच होती. त्याच्या वाड्यात तारा ओढायचं काम पुंजाजीनं केलं. घरी येऊन तो वहिनीला सगळं सांगायचा. मी भाकरी खाता खाता ऐकायचो, पण वहिनी हातातलं काम थांबवून ऐकायची. विजेच्या दोन तारा असतात, एक लाल, एक काळी. लालमधून वीज येते, काळीतून परत जाते. खटका, म्हणजे बटन, नेहमी लाल तारेवर बसवायचा, म्हणजे बंद केला की वीज खटक्याशीच अडते. चुकून काळीवर बसला तर दिवा विझतो खरा, पण वीज प्लगच्या तोंडाशी येऊन बसलेली असते, आणि बघणाऱ्याला वाटतं की सगळं बंद आहे.

पाटलानं देवघरात काळी तार लावू दिली नाही. देवाच्या भिंतीवर काळं नको म्हणाला. लग्नकार्यात काळं, पूजेत काळं, कशातच चालत नाही, मग खंडोबाच्या डोक्यावरून काळी तार कशी जाऊ देईल? पुंजाजीनं समजावून पाहिलं. पाटील म्हणाला, बिजली माझी, भिंत माझी, तू फक्त तार ओढ. शेवटी देवघरात दोन्ही तारा लाल लावल्या. ओळख राहावी म्हणून पुंजाजीनं वीज येणाऱ्या तारेला पांढऱ्या सुताची गाठ मारून ठेवली.

पावसाळ्यात जिन बंद होतं, तेव्हा पाटलानं देवघराला चुना दिला. त्यासाठी त्याच्या सुतारानं तारांची लाकडी पट्टी आणि खटका काढला आणि चुना वाळल्यावर पुन्हा बसवला. गाठ मळकी दिसते म्हणून सोडून टाकली. दोन्ही लाल, हाताला येतील तशा जोडल्या. ही गोष्ट कुणी पुंजाजीला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं कुणाला वाटलंच नाही.

कापसाचा हंगाम सुरू झाला, इंजिन दिवसाही चालायला लागलं. पाटलाच्या मुलीला कुंकू लावायला रिसोडचे पाहुणे आले. त्याच दिवशी देवघरातला प्लग तडकला, समईसारख्या पितळी दिव्याची वायर त्यात होती, तिथून ठिणग्या उडायला लागल्या. पुंजाजीला बोलावणं आलं. त्यानं मेन स्विच बंद करू द्या म्हटलं. पण बाहेर पंगत बसली होती आणि रिसोडच्या पाहुण्यांच्या डोक्यावर विजेचा पंखा फिरत होता. तो पंखा दाखवायलाच पाटलानं त्यांना त्या खोलीत बसवलं होतं. पाटील म्हणाला, खटका बंद कर, झालं. आणि देवघरात असं जायचं नाही, विहिरीवर आंघोळ कर, ओलेत्यानं जा. चामड्याची थैली बाहेर ठेव.

तारेत वीज आहे का याची परीक्षा करायचा दिवा त्या थैलीत होता.

पुंजाजीनं खटका बंद केला. पितळी दिवा विझला. तो ओल्या धोतरात, अनवाणी, सारवलेल्या ओल्या जमिनीवर बसला आणि त्यानं प्लगचं झाकण काढून आत बोटं घातली. हे सगळं आम्हाला कमलीबाईनं सांगितलं. ती त्या दिवशी पाटलाच्या सैपाकघरात होती. तिनं आणखीही एक सांगितलं, तेही कुजबुजून, आणि कोर्टात विचारलं तर आपण हे म्हणणार नाही असं बजावून. पुंजाजी आडवा झाल्यावर पाटील स्वतः मोहाच्या दारूची बाटली घेऊन आत गेला होता.

पंचनाम्याला आलेल्यांनी वास घेतला. गावानंही वास घेतला. दारू पिऊन विजेच्या कामाला आला, खटका बंद करायचा सोडून चालू केला, मेला. पाटलाच्या घरावर डाग नको, सोयरीक मोडायला नको, म्हणून माझा भाऊ दारुडा ठरला. ज्यानं होळीला भांगेचा थेंबसुद्धा घेतला नाही त्याच्या तोंडाला मी दारूचा वास घेतला आहे. पाटील मरून आज किती वर्षं झाली, अजून त्याच्या नावानं माझ्या तोंडात थुंकी येते.

वहिनी रडली नाही. तिनं पुंजाजीचं तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. आईनं तिला ओढून बाजूला केलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "त्याच्याच तोंडानं सांगायला लावीन."

मला तेव्हा कळलं नाही की तिला कुणाचं तोंड म्हणायचं आहे.

आमच्या घराला मग त्या नावाची कीड लागली. चातुर्मासात वांगं वर्ज्य, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की लोक वांगं खायला लागतात. आमच्या मळ्याचा खरा बाजार त्या दिवशी. त्या वर्षी बायका आमच्या पाटीपर्यंत यायच्या, वांगं हातात घ्यायच्या, कुणी कानाशी लागलं की ठेवून पुढे जायच्या. दारुड्याच्या घरचं देवाला कसं चालेल? वहिनी पाटीमागे बसून त्या बायांचे चेहरे बघत होती. मी म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, पाहू द्या मले, कोन कोन हाय ते.

त्यानंतर ती जिनिंगच्या फाटकाशी जाऊन उभी राहायला लागली. विधवा बाई इंजिनड्रायव्हरशी बोलते म्हणून लोक बोलले. हेमसिंग नावाचा तो ड्रायव्हर पुंजाजीचा दोस्त होता. वहिनीनं त्याला सुतारानं चुन्याच्या वेळी पट्टी काढल्याचं सांगितलं, हे कमलीबाईकडूनच तिला कळलं होतं. हेमसिंग कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, बाई, खटका परतीच्या तारेवर गेला असणार. त्यानं मग तिला होल्डरमध्ये बल्ब बसवून दोन लांब तारा जोडून दिल्या. इंजिनाकडची परतीची तार जमिनीत पुरलेली आहे, म्हणून ह्या बल्बची एक तार ओल्या जमिनीत खोल ठोकलेल्या पहारीला बांधायची, दुसरी प्लगच्या छिद्राला लावायची. खटका बंद असूनही बल्ब लागला तर चूक पक्की. वहिनीनं ते जिनिंगच्या भिंतीवर त्याच्यासमोर करून पाहिलं, चुकलं, पुन्हा केलं. तो तिला शिकवत होता आणि ती शिकत होती, पण तिथं जायला मिळणार कसं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

रस्ता पाटलानंच करून दिला.

पुंजाजी गेल्यावर पाटलानं अकोल्याहून वायरमन आणवला. त्यानं नवा प्लग बसवला. काही दिवसांनी पाटलीण सीताबाई आंघोळ करून पूजेला बसली, खटका बंद होता, तिचा हात पितळी दिव्याला लागला आणि तिला जबर झटका बसला. अकोलेवाला पुन्हा आला, त्यानं पुन्हा प्लग बदलला. मग दिवा बदलला. मग खटका बदलला, पण जिथं होता तिथंच, त्याच तारेवर. दोन्ही तारा लाल, त्याला तरी कळणार काय? आणि तो यायचा तेव्हा त्यालाही आंघोळ करायला सांगायचे, म्हणून तो मेन बंद करून, तारा न तपासता घाईनं काम उरकायचा. पावसाळ्यात जिन बंद होतं तेवढं सोडलं तर सीताबाईला झटके बसतच राहिले, पुढचा हंगाम आला तरी. दिवा बंद, खटका बंद, तरी भिंत मारते. शेवटी पाटलानं भगताला बोलावलं. भगत देवघरात घुमला आणि म्हणाला, भिंतीत पुंजाजी बसलाय.

आधी दारुडा केला, आता भूत केलं. हे ऐकून मी कुऱ्हाड घेऊन निघालो होतो. वहिनीनं दारात आडवं येऊन मला थांबवलं. म्हणाली, बसा भाऊजी, तो येते आपल्याकडे.

आणि तो आला. भगतानं सांगितलं होतं की बायकोच्या हातचा नैवेद्य त्या भिंतीला दाखवल्याशिवाय हा जीव सुटणार नाही. दौलतराव पाटील आमच्या मळ्यात, वांग्याच्या वाफ्यात, चपला हातात घेऊन उभा राहिला. मला त्या दिवशीही त्याच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला. वहिनी मात्र डोक्यावरचा पदर सारखा करून अगदी गरीब गायीसारखी बोलली. येते म्हणाली. चंपाषष्ठीला येते, नैवेद्य घेऊन येते. पण दोन गोष्टी पाहिजेत. त्या दिवशी पंगतीला जे होते ते सगळे तिथं हजर पाहिजेत, रिसोडचे व्याहीसुद्धा.

"आन् दुसरं?" पाटलानं विचारलं.

"तो जीव जसा गेला तसंच त्याच्यासमोर जा लागते, पाटील. तुमाले आंघोळ करून ओलेत्यानं यावं लागन. मीबी तशीच येईन."

भगतानं मान डोलावली. त्याला हे आपणच सांगितल्यासारखं वाटलं असावं.

चंपाषष्ठीला पाटलाचं घर भरलं होतं. देवघराच्या दाराशी, ओसरीवर, सगळीकडे माणसं. व्याही खांबाला टेकून बसले होते. मी मागच्या बाजूला न्हाणीपाशी होतो. तिथली जमीन बारमाही ओली. वहिनीनं सांगितल्याप्रमाणे मी पहार खोल ठोकली, तिला तार बांधली आणि देवघराच्या झरोक्यातून आत सोडली. कुणी विचारलं तर नैवेद्याचं काहीतरी म्हणायचं ठरलं होतं. कुणी विचारलं नाही, माळ्याला पहार घेऊन कुणी पाहिलं तर काय विचारणार?

झरोक्यातून मला सगळं दिसत होतं. वहिनीनं विहिरीवर अंगावर घागर ओतून घेतली होती, लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. पाटील ओल्या धोतरात तिच्या शेजारी उभा होता, थंडीनं कुडकुडत. पाटीत भरीत आणि रोडगे होते, आणि त्याच्याखाली हेमसिंगचा बल्ब आणि एक पेचकस.

तिनं आधी दिवा लावला. मग खटका बंद केला. दिवा विझला.

"बंद हाय?" तिनं विचारलं.

"हाय," पाटील म्हणाला.

"सगळ्यायनं पाह्यलं?"

लोकांनी पाहिलं होतं. तिनं पाटी खाली ठेवली, दिव्याची वायर प्लगमधून उपसली, पाटीतला बल्ब काढला, झरोक्यातली तार त्याला जोडली, आणि दुसऱ्या तारेचं टोक काठीला बांधलेलं होतं ते प्लगच्या एका छिद्रात घातलं. काही झालं नाही. भगत काहीतरी पुटपुटला. तिनं टोक दुसऱ्या छिद्रात घातलं आणि बल्ब लागला. मिणमिणता, पण लागला. खटका बंद, पितळी दिवा विझलेला, आणि बाईच्या हातातला बल्ब पेटलेला.

मग वहिनी बोलली, आणि तिचा आवाज इतका साधा होता की मला झरोक्याबाहेर काटा आला. तिनं सांगितलं की भिंतीत भूतबीत कुणी नाही. पाटलाला देवाच्या भिंतीवर काळी तार नको होती, म्हणून दोन्ही लाल लावल्या. सुतारानं त्या उलट जोडल्या. तिच्या नवऱ्यानं खटका बंद केला होता, जसा तिनं आत्ता केला. आणि त्याला मेन बंद करू दिलं नाही, कारण व्याह्यांना पंखा दाखवायचा होता.

रिसोडचे व्याही खांबापासून सरळ झाले.

"मले काय माहीत?" पाटील म्हणाला. "मी काही वायरमन हाव काय? तो पिऊन आल्ता."

वहिनीनं बल्ब खाली ठेवला. पेचकसानं प्लगचं झाकण काढलं, आतलं पितळ उघडं पडलं. मग तिनं पाटलाचं मनगट धरलं. माळीणबाईची पकड होती ती, रोज मोटेचं पाणी वळवणारी. त्याचा हात ओढून तिनं भिंतीशी नेला.

"खटका बंद हाय ना, पाटील? मंग लावा हात. माह्या मालकानं असाच लावला होता, शुद्धीत."

पाटील मागं ओढत होता. धोतरातून पाणी गळून जमिनीवर थारोळं झालं होतं आणि दोघांचे पाय त्यात होते. लोकांतलं कुणी पुढं झालं नाही. जो तो त्या उघड्या पितळेकडे बघत होता. पाटलाचं बोट त्यापासून वितीवर, मग त्याहून जवळ आलं.

"दारू कोनं ओतली?"

तिनं आणखी ओढलं.

"बोला ना," असं कुणीतरी हळूच म्हणालं. ती सीताबाई होती, पाटलाची बायको, दाराच्या चौकटीला धरून उभी.

"मी," पाटील म्हणाला. "मी ओतली. तो प्याला नव्हता."

"मोठ्यानं."

"पुंजाजी प्याला नव्हता. दारू मी ओतली त्याच्या तोंडावर. सोड मले, अंजना, सोड."

तिनं सोडलं. पाटील तिथंच बसला. वहिनीनं भरीत-रोडग्याची पाटी उचलली आणि भिंतीला न दाखवता तशीच बाहेर आणली. आम्ही तो नैवेद्य मळ्यात आणून, पुंजाजीच्या नावानं वाढून, घरातच खाल्ला. मला इतका गोड रोडगा पुन्हा लागला नाही, आणि ती सुडाची गोडी होती हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पाटलाचं पुढं जे झालं ते मी चवीनं सांगतो. व्याही जेवले नाहीत, तसेच उठून गाडीत बसले. सोयरीक मोडली नाही, पण पाटील मुलीच्या सासरी गेला तर त्याला पाण्याच्या तांब्यापलीकडे कुणी काही विचारत नसे. दुसऱ्या दिवशी त्यानं वहिनीकडे माणूस पाठवला, तारा सरळ करून दे, मागशील ते देतो. वहिनीनं त्या माणसाला चहाही विचारला नाही. हेमसिंगनं जिनिंगच्या सगळ्या वायरमनांना सांगून ठेवलं, अकोलेवाल्यालाही कळवलं. तारा उलट्या करणं म्हणजे चुटकीसरशीचं काम, पण वाशीमात ते करणारा माणूस मिळाला नाही. पाटलानं शेवटी घाबरून वाड्याची बिजलीच कापायला लावली आणि रेशनच्या रॉकेलच्या रांगेत त्याचा गडी उभा राहायला लागला. सीताबाईला झटके बसायचे थांबले, एवढं एक बरं झालं. तिच्यावर वहिनीचा राग नव्हता.

बाकी सगळ्यांवर होता. बायका पुन्हा आमच्या पाटीशी यायला लागल्या, हसून बोलायला लागल्या. वहिनीनं कुणाला परत पाठवलं नाही. फक्त त्या वर्षी जिनं जिनं वांगं हातातून खाली ठेवलं होतं, तिला ती पाटीच्या तळातलं किडकं वांगं निवडून द्यायची, तेही वर लकाकणारं. त्या घरी जाऊन कापायच्या तेव्हा कळायचं. काही जणींना हे मरेपर्यंत कळलं नाही, त्यांना वाटायचं आमच्या मळ्यालाच कीड आहे. मी एकदा म्हटलं, वहिनी, पुरे आता, त्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्या झाल्या. ती म्हणाली, मीबी झाली.

खूप पुढची गोष्ट. पाटील गेला होता, आई गेली होती, आमच्याही मळ्यात वीज आली होती. वहिनीचे गुडघे गेले होते, ती ओट्यावर बसून मेथी निवडायची. मी तिला एकदा विचारलंच, जे मला इतकी वर्षं विचारायचं होतं. पाटील बोलला नसता तर काय केलं असतंस?

"घातला असता त्याचा हात," ती म्हणाली. "दुसरं काय?"

"त्याचं मनगट तुह्या हातात होतं, वैनी. तूबी ओलीच होती. पाय पान्यात होते."

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बावळट विचारल्यासारखं.

"मंग एकट्याले कसं जाऊ देल्लं असतं त्याले, भाऊजी? मालक तिकडे एकटे होते. तिथं जाऊनबी हा त्यायच्या नावानं खोटं बोल्ला असता."

आणि ती पुन्हा मेथी निवडायला लागली.